फेब्रुवारीचा वाटाड्या

मुक्काम मेलो,
६ फेब्रुवारी २०२३

प्रिय काटकुळे,

मी उत्तर देत नाही म्हणून तू मारिसेलला फोन करून माझी चौकशी केलीस म्हणे. जिवंत आहे. फोनवर तुझे ते बोललेले निरोप नको पाठवत जाऊस. ते एकदा सुटले की सुटले. पत्र मला हवं तिथे थांबवता येतं, मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं. आणि तुझं पत्र माझ्या संगणकातली स्पेनची बाई वाचते तेव्हा तू माद्रिदच्या एखाद्या बड्या घरातली वाटतेस. तुझा खरा आवाज त्यापुढे फारच साधा आहे.

बातमी अशी. इथे भातशेतीचं पाणी वाटणारी जी संस्था आहे, तिला प्रोग्राम लिहायला एक माणूस हवाय. शेतांची पातळी, कालव्यांचा उतार, कुणाला किती तास पाणी. म्हणजे वीस वर्षं मोजणीची दुर्बीण खांद्यावर टाकून मी जे केलं तेच, फक्त दुर्बिणीत डोळा घालायचा नाही. परीक्षा चौदा मार्चला. चाळीस मिनिटं, तीन प्रश्न. आपला संगणक, कोड लिहायचा आपला एडिटर चालेल असं त्यांनी लेखी दिलंय. म्हणजे तू माझ्यासाठी एडिटरला जोडून दिलेला, कोड बोलून दाखवणारा वाटाड्याही चालेल.

डोळे जाऊन सहा वर्षं झाली, निबिया. पेन्शन मिळते, मारिसेलची शाळेतली नोकरी आहे, आम्ही नवरा-बायको उपाशी नाही. पण घरातल्या खुर्च्यांइतकाच मी घरचा झालोय. ही जागा मला हवी आहे. तुला सांगतो, बाकी कुणाला सांगत नाही.

तर एक कमांड करून दे. सध्या चुका विचारल्या की बाई सगळ्या फाइलच्या चुका वाचत सुटते, पाद्र्याने मृतांची नावं वाचावीत तशी. मला फक्त ज्या ओळीवर मी आहे तिथली चूक ऐकायची आहे. एफ-चारचं बटण मोकळं आहे. एफ-आठला हात लावू नकोस. 'मी कुठे आहे ते सांगा' हे माझं दर मिनिटाला चालतं. पडलेल्या दाताकडे जीभ जाते तसं बोट तिकडे जातं.

तुझा,
एबेर


मोन्तेविदेओ,
१२ फेब्रुवारी

प्रिय मोजणीदार,

कमांड तयार आहे, आज तुझ्याकडे येईल. तुला काही करायचं नाही. एडिटर उघडलास की वाटाड्याची नवी आवृत्ती आपली आपण बसते.

लिहायला एक तास लागला, नाव ठेवायला तीन दिवस. आधी मी 'ओळ-परीक्षण' ठेवलं. मग वाटलं, हे सरकारी अर्जावरचं नाव झालं. माणूस घाईत असताना यादीत काय शोधेल? जे करायचंय ते क्रियापद. शेवटी 'या ओळीतली चूक वाचा' असं ठेवलं. आणखी एक प्रश्न होता. ओळीत चूक नसेल तर काय करायचं? आधी काहीच बोलायचं नाही असं होतं. मग मी डोळे मिटून वापरून पाहिलं, आणि कळेना की चूक नाही की कमांड चाललीच नाही. म्हणून ती आता 'चूक नाही' असं स्पष्ट सांगते. चांगल्या कमांडने न दिसणाऱ्या माणसाला गप्प राहून कोड्यात टाकू नये. हे मी वहीत लिहून ठेवलंय. मी काय काय लिहून ठेवते ते तुला माहीत आहे.

मेक्सिको, ब्राझील, कुठून कुठून लोक वाटाड्या वापरायला लागलेत. चारशेच्या वर. त्यातले निम्मे डोळस आहेत, त्यांना तो फक्त सोयीचा वाटतो. रेसिफेच्या जोझुए नावाच्या माणसाने लिहिलं, "या कमांडांची बटणं कुणी पिऊन ठरवलीत का?" मी कळवलं, "माझ्या मावसभावाने. पूर्ण शुद्धीत." पण ते लागलं मला. त्याचं खरंच आहे. तू जसजसं मागितलंस तसतसं मी देत गेले. वाचायची कमांड एफ-आठवर, तिची सख्खी बहीण कंट्रोल आणि स्वल्पविरामावर. परक्या माणसाने पाहिलं तर ही बाई नीट विचार करत नाही असंच वाटेल.

असो. तू सराव कर. जागा तुला मिळावी असं मलाही वाटतं. किती वाटतं ते लिहिलं तर तुला ओझं होईल.

तुझी,
निबिया


मेलो,
१० मार्च

काटकुळे,

एफ-चार उत्तम. तीन आठवडे रोज दोन परीक्षा देतोय. मारिसेल घड्याळ घेऊन समोर बसते.

"वेळ संपली!"

"अजून दोन मिनिटं असतील."

"घड्याळ मी बघतेय की तू?"

मग आम्ही दोघं हसतो, आणि त्यात आणखी एक मिनिट जातं. परवापर्यंत सत्तेचाळीस मिनिटं लागत होती. काल अडतीस. तीनही बरोबर. मारिसेलने त्या आनंदात तोर्ता फ्रिता, त्या पावसाळी दिवसाच्या पुऱ्या, तळल्या, पावसाचा थेंब नसताना. शेजारीण विचारून गेली, तुमच्याकडे वेगळं आभाळ आहे का?

परीक्षेला चार दिवस राहिले, मंगळवारी सकाळी नऊला. इंजिनिअर लार्रोसाबाई घेणार आहेत. एकूण तिघं आहोत. एक रिओ ब्रांकोची मुलगी हुशार आहे असं ऐकतो.

तोपर्यंत पत्र लिहू नकोस. तुझं पत्र आलं की मी मनात उत्तर लिहीत बसतो. झालं की मीच लिहीन. जागा मिळाली तर अख्खं कोकरू पाठवीन, तुझ्या त्या गच्चीवरच्या चिमुकल्या शेगडीत मावो न मावो.

एबेर


मोन्तेविदेओ,
१६ मार्च

प्रिय एबेर,

तू लिहीन म्हणालास, म्हणून वाट पाहात होते. दोन दिवस झाले. आता राहवत नाही. कसं झालं ते विचारत नाही, असं समज.

माझ्याकडची बातमी सांगते. मी वाटाड्या आवरला! अकराही कमांडा एका जागी मांडून पाहिल्या. त्यांचे दोन गट होतात, काही वाचून दाखवणाऱ्या, काही कोडमध्ये बदल करणाऱ्या. वाचणाऱ्या सगळ्या आता एफ-दोन ते एफ-सात, एका रांगेत. बदल करणाऱ्या एफ-आठपासून पुढे. नावं सगळी क्रियापदाची, एका वळणाची. नवा माणूस दहा मिनिटांत शिकेल. जोझुएने लिहिलं, "आता शुद्धीवर आलात." काल विद्यापीठात एक छोटी बैठक होती, तिथे मी त्यावर थोडं बोलले. लोकांनी बरेच प्रश्न विचारले. एक मुलगी म्हणाली, घर लावल्यासारखं वाटतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणी माझ्या कामाला असं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी दुपारी काम पुरं झालं, म्हणून नवी आवृत्ती सगळ्यांकडे सोडून दिली. तुला आधी कळवणार होते, पण तू पत्र नको म्हणाला होतास. नव्या बटणांची यादी सोबत आहे. तुझं 'मी कुठे आहे' आता एफ-दोनवर आहे. आठवडाभर चुकशील, मग आवडेल.

लिही.

निबिया


मेलो,
२२ मार्च

निबिया,

जागा मिळाली नाही. रिओ ब्रांकोच्या मुलीला मिळाली. ती खरंच हुशार आहे म्हणतात, तर मग ठीकच आहे.

परीक्षा त्यांनी आधीच घेतली होती, नऊ तारखेला. लाज वाटत होती म्हणून लिहिलं नाही. बोटं पूर्वीसारखी राहिली नाहीत. दुसऱ्या प्रश्नात गोंधळ झाला. सत्तेचाळीस वय झालं, कशाकशाला दोष देणार.

तुझं काम लोकांना आवडलं याचा आनंद झाला. नवी रांग चांगली आहे. शिकेन.

मारिसेल आठवण सांगते.

एबेर


मोन्तेविदेओ,
२८ मार्च

प्रिय एबेर,

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. परीक्षा नऊ तारखेलाच झाली हे कळेपर्यंत मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. माझी नवी आवृत्ती तेराला गेली. तुझी परीक्षा चौदाला असती तर? मी मनात काय काय घडवून बसले होते. तसं काही नव्हतं.

बोटांचं म्हणशील, तर ते मला पटत नाही. महिन्याभरात माणसाची बोटं म्हातारी होत नाहीत. अशा आणखी जागा निघतील. तोवर तुला काय काय हवं त्याची यादी कर. एक सवडीने वाचणारी कमांड करू का? की आकडे वेगळ्या आवाजात? सांग, मी लगेच करते.

तुझी,
निबिया


मोन्तेविदेओ,
२० मे

प्रिय एबेर,

माझ्या मार्चच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. का ते आता कळलं, असं वाटतं. मी चुकत असेन तर सांग. चुकत असते तर किती बरं झालं असतं.

मंगळवारी मेक्सिकोतल्या वाहाकाच्या एका बाईचं पत्र आलं. तीही दृष्टिहीन आहे. तिने लिहिलं होतं, "बाई, मी दोन महिन्यांनी एडिटर उघडला आणि नेहमीप्रमाणे एफ-आठ दाबून कुठे आहे ते विचारलं. तुमचा वाटाड्या काही बोलला नाही. मी पुन्हा दाबलं. संध्याकाळी मला कळलं की दर दाबण्याला माझ्या कोडचा तुकडा एकेक पायरी वर सरकत होता."

एफ-आठवर मी काय ठेवलंय ते मला पाठ होतं. 'तुकडा वर सरकवा.' बदल करणाऱ्या कमांडांना मी आवाज दिला नव्हता. ज्याने बदल केला त्याला काय केलं ते माहीतच असणार, असा माझा विचार. ज्याने तो केलाच नाही, ज्याच्याकडून मी तो करवून घेतला, तो माझ्या डोक्यातच आला नाही. आणि फेब्रुवारीत मीच तुला गप्प राहण्याबद्दल शहाणपण लिहिलं होतं.

मग मी तुझी पत्रं उघडली. दहा मार्चच्या पत्रात तू लिहिलंयस, परीक्षेला चार दिवस राहिले. नऊ तारखेला झालेली परीक्षा दहा तारखेला चार दिवसांवर कशी असेल? हे पत्र दोन महिने माझ्याकडेच होतं. उघडायला एक क्षण लागला असता. मी उघडलं नाही, कारण तू दिलेली तारीख मला सोयीची होती.

आणखी एक सांगायचं आहे. हे मी तुझ्यापासून लपवलं. सोमवारी काम पुरं झालं म्हणून आवृत्ती सोडली असं मी लिहिलं. काम पुरं झालं नव्हतं. बदल करणाऱ्या कमांडा कुणा दृष्टिहीन माणसाकडून तपासून घ्यायच्या राहिल्या होत्या. पण बुधवारी विद्यापीठात बोलायचं होतं, आणि तिथे मला आवरलेला वाटाड्या दाखवायचा होता, तो आधीचा पसारा नाही. माझ्या वहीत चौदा मार्चच्या रकान्यात 'एबेर, ९ वाजता' असं लिहिलेलं आहे. त्याच पानावर पंधराला 'भाषण' आहे. दोन्ही माझंच अक्षर. तेराला दुपारी ते पान माझ्यासमोर होतं. मी पाहिलं नाही असं म्हणता येत नाही. पाहिलं, आणि त्याचा याच्याशी संबंध जोडला नाही. की जोडायचा नव्हता, ते मला आजही ठरवता येत नाही.

सगळी जुनी बटणं मी परत ठेवलीत. प्रत्येक बदल करणारी कमांड आता काय केलं ते मोठ्याने सांगते, आणि उलटं करायचं का ते विचारते. यापुढे कुणाचं बटण त्याला विचारल्याशिवाय हलणार नाही.

आणि काल मी लार्रोसाबाईंना पत्र लिहिलं. सगळं सविस्तर, तारखांसकट, चूक माझी हे स्पष्ट करून. तुझी परीक्षा पुन्हा घ्यावी अशी विनंती केली. एवढं तरी मला दुरुस्त करता यावं.

निबिया


मेलो,
२७ मे

निबिया,

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते सांगतो. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

पहिला प्रश्न नऊ मिनिटांत झाला. दुसऱ्यात कालव्याचा उतार काढायचा होता. मी एफ-आठ दाबलं. स्पेनची बाई गप्प. मला वाटलं कानातली वायर सैल झाली. ती काढली, घातली, पुन्हा दाबलं. मग आवाज बंद करून चालू केला. त्यात चार मिनिटं गेली. बाकी सगळं ती वाचत होती, फक्त मी कुठे आहे तेवढं सांगत नव्हती. मी दाबत राहिलो. चाळीस मिनिटं झाल्यावर लार्रोसाबाईंनी माझा प्रोग्राम चालवून पाहिला. माझ्या कालव्यातलं पाणी चढावर चाललं होतं.

ही बाई एकेकाळी माझ्याकडे शिकाऊ होती. मोजपट्टी धरायची. दलदलीत तिचा बूट रुतला तेव्हा मीच ओढून काढला. ती म्हणाली, "ठीक आहे, तेचेरा. थकला असाल तुम्ही." रिओ ब्रांकोच्या मुलीने मला दारापर्यंत सोडलं.

घरी आल्यावर तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला, एफ-आठ दाबलं आणि एकेक ओळ ऐकली. तिसरी दुसरी झाली होती. तेव्हा मी हसायला लागलो. मारिसेल घाबरली.

म्हणजे त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. इतकी खूश तू पदवी मिळाली तेव्हाही नव्हतीस. म्हटलं, दोघांपैकी एकाचं तरी बरं चाललंय, त्यात कशाला माती कालवा. नऊ तारीख तोंडाला आली ती लिहिली. दहाला तुला पत्र टाकलं होतं हे विसरलो. खोटं बोलायची सवय नाही. तू उलट टपाली पकडशील असं वाटलं होतं. मारिसेलला म्हणालोसुद्धा, "ही बाई स्वल्पविराम मोजते, ही तारीख सोडेल?" सोडलीस. खरं सांगू, बटणापेक्षा त्याने जास्त लागलं.

तरी माझं एक ठरलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे आणखी एक जागा निघणार आहे. मी नापास झालो नव्हतो हे मला माहीत होतं, तेवढं मला पुरत होतं. ऑगस्टमध्ये जायचं, एक शब्द न बोलता पेपर द्यायचा, आणि घरी यायचं. मार्च-एप्रिलभर त्यावरच जगलो.

परवा फोन आला.

"तेचेरा, तुमच्या बहिणीचं पत्र मिळालं. किती हो जीव आहे तिचा तुमच्यावर! वाचताना डोळ्यांत पाणी आलं आमच्या."

"असं का."

"तुम्ही बोलायचं नाही का तेव्हाच? आपली माणसं आहात तुम्ही. आपण काहीतरी बघू. नाहीतरी फोनवर बसायला एक माणूस हवाच आहे आम्हाला."

"परीक्षेचं काय?"

"अहो, परीक्षा कसली घेऊन बसलात!"

मागे कुणीतरी हळहळलेलं ऐकू आलं. ती फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवून बोलत होती.

आता ऑगस्टमध्ये तीन प्रश्न बरोबर सोडवले तरी ती म्हणणार, दिली आपण त्याला. आणि चुकले तरी देणार. तुझ्या पत्रात एकही खोटं वाक्य नसेल, मला खात्री आहे. पण माझं नाव घालून ते पाठवायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं? फोन होता, पत्र होतं. वाटाड्याला तू आता विचारायला शिकवलंस म्हणतेस. चांगलं केलंस.

मारिसेल म्हणते आणखी लिहू नकोस, नंतर पस्तावशील. म्हणून थांबतो.

एबेर


मोन्तेविदेओ,
४ जून

एबेर,

हे पाचवं पत्र. आधीच्या चारांत मी स्वतःला इतकी नावं ठेवली होती, की ती वाचून तुलाच माझी समजूत काढावी लागली असती. म्हणून टाकून दिली.

तू लिहिलंयस ते सगळं खरं आहे. वीस मेला तुला पत्र लिहायला बसले, त्याच्या आदल्या दिवशी लार्रोसाबाईंचं पत्र गेलेलं होतं. तुला आधी कळवलं तर तू नको म्हणशील, हे मला कुठेतरी माहीत होतं. मला हलकं व्हायचं होतं.

त्या कचेरीला मी पुन्हा काहीही लिहिलेलं नाही. तू सांगितलंस तरच लिहीन, आणि सांगशील तेवढंच.

उत्तराची वाट पाहते असं लिहिणार होते. तेही नको.

निबिया


मेलो,
३ सप्टेंबर

निबिया,

तीन महिने झाले. राग एवढा टिकत नाही, आळस टिकतो.

ऑगस्टच्या परीक्षेला मी बसलो नाही. मारिसेलशी त्यावरून दोनदा भांडण झालं. ती म्हणते, "दयेने मिळो नाहीतर डोक्याने, पगार सारखाच असतो." तिचं बरोबर असेल. सकाळी शर्ट घालून तयार झालो होतो, बूटसुद्धा. मग माते चहा घेत बसलो, साडेनऊ वाजेपर्यंत. जागा दोन वर्षांनी पुन्हा निघेल की नाही ते कुणालाच माहीत नाही. निघाली तरी तेव्हा मी पन्नाशीला टेकलेला असेन. ते दार बंद झालं असं मी धरून चालतो. तुलाही तसंच धरायला सांगतो, म्हणजे मधूनमधून हळूच विचारणार नाहीस.

सरहद्दीकडचा एक भातवाला आहे, फेरेइरा. त्याच्या बांधांच्या पातळ्या मी काढून देतो, आठवड्यातून दोन सकाळी. त्याला माझ्या डोळ्यांचं काही पडलेलं नाही. फोनवरच सगळं. "पाणी खाली जातंय ना? मग झालं, साहेब."

तू विचारणार नाहीस म्हणून सांगतो, वाटाड्या वापरतो. पण तुझा मार्चचा नाही, मेचाही नाही. फेब्रुवारीचा. मारिसेलच्या शाळेतल्या एका मास्तराकडून जुनी आवृत्ती बसवून घेतली आणि आपोआप येणारं सगळं बंद केलं. दार लावून घेतलं म्हण. तुझी नवी चांगलीच असणार. बोलते, विचारते, सगळं. पण मी एडिटर उघडतो तेव्हा काल जिथे जे होतं ते आज तिथेच आहे, एवढंच मला हवं असतं.

फेब्रुवारीच्या वाटाड्यात एक चूक आहे. एफ-चार. ओळीत उघडलेलं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं, तर तो 'चूक नाही' म्हणतो. मागच्या आठवड्यात त्यापायी फेरेइराचा एक बांध वीस सेंटिमीटर उंच निघाला. आता मला माहीत झालंय तो कुठे खोटं बोलतो. तिथे मी हाताने मोजतो.

थंडी ओसरली. मारिसेल बरी आहे.

एबेर


मोन्तेविदेओ,
१० सप्टेंबर

प्रिय एबेर,

पत्र आलं, दोनदा वाचलं. दाराबद्दल मी विचारणार नाही.

एफ-चारची ती चूक मला सापडली. माझीच आहे, बारा फेब्रुवारीची. नाव ठेवण्यात तीन दिवस घालवले आणि अवतरणचिन्ह तपासलं नाही. एका ओळीची दुरुस्ती आहे. नव्या आवृत्तीत ती केली, पण ती तुझ्याकडे येणार नाही, म्हणून वेगळं एक केलं. तुझीच फेब्रुवारीची आवृत्ती घेतली, तिच्यात ती एक ओळ बदलली, बाकी काहीही नाही. बटणं तीच, नावं तीच, आवाज तोच. वाहाकाच्या बाईंकडून तपासून घेतली. त्यांनी दोन दिवस वापरली आणि काही हललेलं नाही असं कळवलं.

ती माझ्याकडे आहे. पाठवलेली नाही.

तू आता हाताने मोजतोस, आणि हाताने मोजताना फेरेइराचा आणखी एक बांध चुकू शकतो, हे मला दिसतं. म्हणून पुन्हा पुन्हा वाटतं की सरळ पाठवून द्यावी. तरी विचारते. पाठवू का?

निबिया


मेलो,
१९ सप्टेंबर

निबिया,

नको. अजून नको.

विचारलंस ते बरं केलंस. पाठवायची वेळ आली असं वाटलं तर मी लिहीन. कदाचित वाटणार नाही, तेही लिहीन.

मारिसेल विचारते, डिसेंबरात येतेस का. मी हो म्हटलंय. संगणक मात्र तिकडेच ठेवून ये.

एबेर